सतरा खिसे

त्र्यंबक सबनीस पहिल्यांदा आले
तेव्हा मी नुकताच बाबांच्या मशीनवर बसू लागलो होतो.
मल्हारगंज, गल्लीच्या तोंडाशी,
एक फळी, एक बल्ब, एवढं आमचं दुकान.
म्हणाले, कोट हवाय. काळा. खिसे सतरा.
मी हसलो. ते हसले नाहीत.
खडूनं फळीवरच आकृती काढली:
इथे पत्ते, इथे रुमालांची माळ,
इथे काखेत, उबेला, कबुतर.
मग ओल्या बोटानं पुसूनही टाकली.

दिवसा ते गिरणीत टाइमकीपर.
भोंगा, फाटक, बिल्ला.
दोन मिनिटं उशीर म्हणजे पाव दिवस कापला.
परदेशीपुऱ्यात घरोघरी त्यांच्या नावानं शिव्या.
पण गणपतीत, सातव्या रात्री,
त्याच बाया, तीच पोरं
गोणपाटावर तोंड उघडं टाकून बघत,
ज्यानं बापाचा पगार कापला तोच माणूस
बापाच्या कानामागून रुपया काढताना.
'प्रोफेसर टी. सबनीस, इंदूर',
पडद्यावरची अक्षरं मी कापून शिवली.
इंदूरचा ऊकार जरा तिरका बसला,
शेवटपर्यंत तिरकाच राहिला.

महूला पलटणीसमोर इंग्रजी, सनावदला निमाडी,
देवासला शाळेच्या संमेलनात साजूक तुपातलं मराठी.
बोलत राहायचं, म्हणायचे,
जीभ उजवीकडे धावली की डोळे तिच्यामागे जातात,
डावा हात मोकळा.
मंदाकिनीबाई पेटीत झोपायच्या, वरून करवत.
त्यांच्या परकराला मी घेर जास्त ठेवायचो.
का, ते सांगणार नाही.
पोटुशी होत्या तेव्हाही दोन खेळ झाले.
तिसऱ्याला नाही म्हणाल्या.
पेटी माळ्यावर गेली, तिच्यात गहू.

मग गिरणी बंद झाली.
एका मंगळवारी भोंगा वाजला नाही, एवढंच.
त्या वर्षीही गणपती बसला,
वर्गणी कमी, मंडप अर्धा,
सबनीसांनी पैसे घेतले नाहीत.
रिकामी हॅट दाखवली, उलटी केली, आपटली,
आणि मागून शिवराम साचेवाल्याचा आवाज आला,
"भिया, गिरणी तर गायब केलीत.
आता आणा ना परत."
कुणी हसलं. कुणी नाही.
मी पडद्याआड. मला त्यांची पाठ दिसत होती.
सतराही खिसे भरलेले, मला एकेक ठाऊक,
आणि हात एकाही खिशाकडे जाईना.
हॅट तशीच धरून उभे.
काखेतलं कबुतर घुमायला लागलं,
माइकमधून सगळ्या मंडपाला ऐकू आलं.

पुढं वाढदिवस. विजयनगरचे फ्लॅट, फुगे, केक.
पोरं ओरडायची, "अंकल, आस्तीन में है!"
"हो, आहे," म्हणायचे, आणि काढून दाखवायचे.
कबुतर कधी सोडलं, मला कळलं नाही.

एका दुपारी कोट घेऊन आले.
खिसे उसव, म्हणाले. साधा कोट कर.
भाचीचं लग्न आहे.
पात्यानं टाका न् टाका काढत गेलो.
हरभऱ्याची टरफलं, एक पीस, चौकटचा एक्का,
आणि पितळी बिल्ला, नंबर झिजलेला.
तो त्यांनी बराच वेळ धरला.
कुणाचा, ते बोलले नाहीत.
सोळा झाले.
सतरावा सापडेना.
माझंच अस्तर, माझीच टीप,
उजेडाकडे धरला, उलटा केला, चाचपला.
ते स्टुलावर, बशीत चहा.
म्हटलं, साहेब, तुम्हीच सांगा.
"मलाही आठवत नाही," म्हणाले,
आणि खरं बोलतायत की खेळ करतायत
हे मला पहिल्यांदाच कळलं नाही.

कोट न्यायला आले नाहीत.
लग्नाच्या आधीच गेले, दूधवाल्यानं सांगितलं.
पावतीचा अर्धा तुकडा त्यांच्याकडे,
अर्धा माझ्याकडे, कोटाला टाचलेला.
दिवाळीला खाली काढतो, झटकतो.
डावीकडे, बरगडीपाशी,
हाताला किंचित जड लागतं.
तेवढ्या भागावरून इस्त्री फिरवत नाही.